एकाच बाकावर

मंगरुळपीरहून अकोल्याला जाणारी एस. टी. आम्हांला आवडते. गाडी जुनी, धूळ भरपूर. पण तिकीट काढले की जागा आपली. कंडक्टर जात विचारीत नाही.

१९०१ साली मसूर स्टेशनवर लहानग्या भीमरावांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला. अट अशी, की गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने पायी चालायचे! बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी.त अर्धे तिकीट झाले. आता दवाखाना, माहेर, बाजार यांसाठी आयाबाया एकट्याही निघतात. भाड्यासाठी घरी हात पसरणे निम्मे झाले, हे काही थोडे नाही.

शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्ग लागतो. मुंबई–नागपूर ७०१ किलोमीटर. तिथे मोटारसायकललाही बंदी. गावच्या माणसाला ही लाल गाडीच बरी.

मात्र शेजारचा पाहुणा आधी गाव विचारतो, मग हळूच आडनाव. आम्ही ते स्पष्ट सांगतो. काहींची बोलणी तिथेच थांबतात, नजर खिडकीबाहेर जाते. पण गाडी खचाखच भरलेली. उठून जाणार कुठे?