अर्धे तिकीट

1991 च्या डिसेंबरात मी वडिलांबरोबर पहिल्यांदा चैत्यभूमीला गेलो. शिरूर अनंतपाळहून एसटीने लातूर, तिथून छोट्या रुळांच्या गाडीने कुर्डुवाडी, पुढे मोठी गाडी. आईने फडक्यात भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. डब्यात एक गृहस्थ म्हणाले, "हे सगळे फुकटे!" वडील भांडले नाहीत. त्यांनी दोन तिकिटे काढून समोर धरली. एक पूर्ण, एक माझे अर्धे. आठवड्याची मजुरी त्यात गेली होती. गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागले.

2008 पर्यंत ते रूळ रुंद झाले. आता लातूरहून थेट मुंबईची गाडी आहे. वडील मात्र नाहीत.

बाबासाहेबांवर 7 डिसेंबर 1956 रोजी जिथे अंत्यसंस्कार झाले, तिथे मी दरवर्षी जातो. वस्तीतल्या दहा-पंधरा जणांचे पैसे महिनाभर आधी जमवून तिकिटे मीच काढतो. एखादा तरुण म्हणतो, "भाऊ, एवढ्या गर्दीत कोण विचारतंय?" तेव्हा मी त्याला अर्ध्या तिकिटाची गोष्ट सांगतो.

बांधवांनो, बाबासाहेबांनी आपल्याला ताठ मानेने जगायला शिकवले. गाडीतही ताठ मानेनेच बसू या. जयभीम!