परतीची नळी

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागे, निळ्या ताडपत्रीखाली एक मोटारसायकल उभी असते. सांगाडा जुन्या बुलेटचा आणि इंजिन तीनचाकी टेम्पोचे, डिझेलवर चालणारे. रविवारी वंदना आणि बालसंस्कार वर्ग आटोपला की मोठी मुले ताडपत्री काढतात आणि आमचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, त्यांना एकेक भाग खोलून दाखवतो.

मागच्या रविवारी आठवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, टाकीतून खाली येणारी नळी कळली. पण ही दुसरी बारीक नळी परत वर टाकीत कशाला जाते?"

दादा आमच्याकडे बोट करून म्हणाला, "ते या काकाला विचार. या नळीपायी त्यानं मला एकदा लई बोललं होतं."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर जेवण गोड लागले नाही. वाचक बंधू-भगिनींनो, त्या मुलीला जे उत्तर द्यायचे राहिले, ते इथे लिहीत आहोत.

आमचे वडील औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत हेल्पर होते. कारखाना बंद पडला तेव्हा दादा दहावी झाला होता आणि आम्ही शाळेत होतो. कॉलेज एकालाच परवडणार होते. दादा म्हणाला, "धाकट्याला शिकवा, त्याचं डोकं चालतं." तो स्वतः आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकला आणि गॅरेजात लागला. त्याच्या हप्त्याच्या पगारातून आमची फी गेली. आम्ही नागसेनवनात बी.कॉम. झालो आणि पुढे कारकून म्हणून चिकटलो. त्याच्या हाताला काळे ऑइल आणि आमच्या हाताला निळी शाई, असा तो हिशेब होता.

2003 साली दादाने भंगारातून बुलेटचा सांगाडा आणला. तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. दोघांच्या दरातले सरकारी अंतर पुढे कमी होत गेले आणि ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दरही बाजारावर सोडले गेले. पण त्या काळी गरिबाला डिझेलची बुलेट म्हणजे स्वप्नच होते. 1990 च्या दशकात रॉयल एनफिल्डने स्वतः 'टॉरस' नावाची 325 सीसीची डिझेल मोटारसायकल कारखान्यातून काढली होती. ती घ्यायची ऐपत नसलेले मिस्त्री आपापल्या अंगणात तशी गाडी जुळवत. दादाही त्यातलाच. माय रोज ओरडायची, "पाण्याच्या पिंपापाशी डिझेलचा वास नको." वहिनी मुकाट्याने फरशी पुसायची.

गाडी सुरू झाली तेव्हा सगळी गल्ली धडधडली. पण तिला एक खोड होती. पाच-सहा किलोमीटर गेले की आचके द्यायची आणि बंद पडायची. दादा उतरायचा, पंपाचा स्क्रू ढिला करून एअर काढायचा, किक मारायचा. पुन्हा पाच-सहा किलोमीटर.

त्या हिवाळ्यात एका रात्री वडिलांचा दमा उसळला. गल्लीत दुसरे वाहन नव्हते. दादाने गाडी काढली, वडिलांना मध्ये बसवले आणि आम्ही मागून धरून बसलो. अर्ध्या वाटेत, अंधारात, गाडी बंद पडली. दादा रस्त्यावर गुडघे टेकून एअर काढू लागला. वडील दगडावर बसून श्वासासाठी तडफडत होते. वीस मिनिटांनी एक रिक्षा मिळाली म्हणून बरे. रिक्षात बसता बसता आम्ही दादाला म्हणालो, "दोन बुकं धड शिकला असतास तर आज बापाला असं रस्त्यावर बसवलं नसतंस."

वडील त्या दुखण्यातून उठले. दादा मात्र त्या वाक्यावर एक अक्षर बोलला नाही. कोणाच्या पगारावर आम्ही ती बुकं शिकलो होतो, हे त्या क्षणी आम्ही सोयीस्कर विसरलो होतो.

चार दिवसांनी त्याने आम्हाला अंगणात बोलावले. पंपाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या जागी त्याने सलाईनची पारदर्शक नळी लावली होती. "ही कायमची नाही," तो म्हणाला. "डिझेलमध्ये ही कडक होते, तडकते. फक्त बघायला लावली." इंजिन सुरू केले. नळीतून पिवळसर डिझेल चालले होते आणि त्यात मध्येच एकेक बुडबुडा सरकत होता.

मग त्याने समजावले ते असे. पेट्रोलच्या साध्या गाडीत नळी एकच असते. टाकीतून कार्ब्युरेटरला गेली की काम संपले. डिझेलचे तसे नाही. पंप डिझेल दाबतो आणि ते जाड पोलादी नळीतून नोझलला जाते. साधारण 200 किलोचा दाब आला की नोझलची सुई उचलते आणि बारीक फवारा आत जातो. ती सुई इतकी घट्ट बसवलेली असते की तिला वंगण डिझेलचेच. दर फवाऱ्याला थेंबभर डिझेल सुईच्या कडेने वर झिरपते. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. ते झिरपलेले डिझेल बाहेर न्यायला जी नळी असते, ती परतीची नळी. तिला मिस्त्री लोक ओव्हरफ्लो म्हणतात. ती चिमटली किंवा तुंबली तर सुईच्या पाठीवर दाब साठतो, फवारा बिघडतो, गाडी ओढत नाही.

दादाने टाकीला भोक पाडायचे टाळण्यासाठी परतीची नळी 'टी' लावून फिल्टरच्या पुढे, पंपाकडे जाणाऱ्या नळीतच जोडली होती. थेंब वाया जात नव्हता आणि काम स्वस्तात झाले होते. पण झिरपलेल्या डिझेलाबरोबर बुडबुडेही येतात. टाकीत गेले असते तर ते वर येऊन हवेत विरले असते. इथे त्यांना बाहेर पडायला वाटच नव्हती. ते फिरून पंपातच जात आणि साठत. डिझेल दाबले की पुढे सरकते, हवा दाबली की नुसती आकसते. मग नोझलची सुई उचलत नाही आणि इंजिन मरते.

"चूक माझीच," दादा म्हणाला. "पाच रुपयांचं काम वाचवलं."

उपाय एकच. टाकीला वरच्या अंगाला तोटी बसवायची आणि परतीची नळी तिथे न्यायची. वरच्या अंगालाच का? कारण तोटी खाली बसवली आणि कधी नळी निसटली, तर सगळी टाकी तापलेल्या सायलेन्सरवर रिकामी होईल. वर असली तर परतीचे थेंबच सांडतील.

चौदा एप्रिल तोंडावर आला होता. मिरवणुकीत वडिलांना त्या गाडीवर बसवायचे असे आम्ही मनात धरले होते, म्हणून आम्हीच घाई केली. टाकी रिकामी करून आम्ही तिघे, म्हणजे दादा, गल्लीतला एक पोरगा आणि आम्ही, वेल्डिंगच्या दुकानात गेलो. दादा तोटी शोधायला समोरच्या दुकानात गेला होता. आम्ही वेल्डरला म्हणालो, "टाकी रिकामीच आहे, लावा लवकर." त्याने ज्योत पेटवली. पोरगा टाकीवर वाकून बघत होता. दादा रस्त्यापलीकडून ओरडत धावत आला आणि त्याने वेल्डरचा हात धरला.

"रिकामी आहे म्हणूनच धोका आहे," तो धापा टाकत म्हणाला. "डिझेल गार असतं तोवर गरीब. पत्रा तापला की आतल्या थराची वाफ होते, आणि बंद टाकीत तिचा बॉम्ब होतो."

त्याने टाकी साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली. झाकण काढून, जिथे तोटी लावायची त्याच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरले. मगच ज्योत लावू दिली. तो पोरगा आज दोन लेकरांचा बाप आहे. त्याला पाहिले की आम्हाला ती ज्योत आठवते. बी.कॉम.च्या कुठल्याही पुस्तकात ते वाक्य नव्हते, आणि दादाच्या डोक्यात ते होते.

पुढचे काम आम्ही हाताखाली राहून पाहिले. डिझेलला टिकणारी रबरी नळी घेतली, कारण साधे रबर डिझेलने फुगते. इंजिन हादरते म्हणून नळीला थोडी सैल घडी ठेवली आणि ती सायलेन्सरपासून लांबून नेली. नोझलवरच्या बोल्टाचे तांब्याचे वॉशर मायच्या स्टोव्हवर लाल करून पाण्यात टाकले. तापवले की तांबे मऊ होते आणि पुन्हा घट्ट बसते. टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक भोकही टाचणीने साफ केले. माय बघत होती. म्हणाली, "दूध उतू जातंच. खाली ताट ठेवलेलं असलं म्हणजे झालं."

2004 च्या भीमजयंतीला वडील त्या गाडीवर बसून मिरवणुकीत फिरले. गाडी एकदाही बंद पडली नाही.

त्यानंतर आमच्या शिक्षणाचाही थोडा उपयोग झाला, तो सांगायला हवा. दादाला गाडीची रीतसर नोंद करायची होती. आम्ही मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 काढून वाचले. कारखान्याने नोंदवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि इंजिन बदलायचे तर आधी मंजुरी लागते. पेट्रोलच्या कागदावर टेम्पोचे डिझेल इंजिन बसणार नव्हते. अपघात झाला तर विमाही मिळाला नसता. आम्ही दादाला स्पष्ट सांगितले. त्याने एक रात्र विचार केला आणि गाडी रस्त्यावरून उतरवली. आमच्यासारखा कायदा न वाचता कोणी अशी गाडी जोडत असेल, तर त्याने आधी हे कलम वाचावे. बाबासाहेबांनी दिलेला देश कायद्याने चालतो, आणि कायदा मोडून मिरवणे आपल्याला शोभत नाही.

तेव्हापासून ती गाडी विहारामागे आहे. तिच्यावर शिकून वस्तीतली सात पोरे आयटीआयला गेली. बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आग्रह धरला होता की, आपल्या मुलांना नुसते कला आणि कायद्याचे शिक्षण पुरणार नाही, विज्ञान आणि तंत्राचे उच्च शिक्षण हवे. आम्ही भाषणात हे अनेकदा सांगितले आहे. पण घरातल्या तंत्रज्ञाला आम्हीच अडाणी म्हणालो होतो. पांढऱ्या कपड्याचा हात वरचा आणि ऑइलचा हात खालचा, ही उतरंड आपण बाहेर मोडतो आणि घरात मांडतो. सम्यक वाचा विहारात म्हणायची आणि अंधाऱ्या रस्त्यावर विसरायची, हेही तसेच.

तर बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. वर जाणारी नळी इंजिनात न जळलेले डिझेल परत टाकीत नेते. तिला वाट दिली नाही तर गाडी आतल्या आत कोंडून बंद पडते. आमचेही एक वाक्य वीस वर्षांहून जास्त काळ असेच कोंडून राहिले होते. दादा, ते आम्ही या ओळींतून परत घेतो. पुढच्या रविवारी समोर बसून पुन्हा म्हणू.

जय भीम!