न रडणारं बाळ

‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही’ ही म्हण ज्याने कुणी केली, त्याच्यासमोर पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं बाळ असणार. आमच्या नवजात कक्षात ती म्हण घात करते. १,८०० ग्रॅमचं बाळ भूक लागली म्हणून रडेलच असं नाही. साखर उतरायला लागली की ते उलट आणखी गप्प होतं. नातेवाईक काचेतून बघून खूश होतात, ‘‘किती शहाणं आहे हो सिस्टर, त्रास म्हणून नाही.’’ मला धास्ती असते ती या शहाण्या बाळांचीच.

शेवटच्या तीन महिन्यांत पोटातलं बाळ यकृतात साखरेचा साठा करतं, अंगावर चरबी धरतं. लवकर जन्मलेल्याला तेवढी मुदत मिळत नाही, पोटातच खुरटलेल्याला साठवण्याइतकं मिळालेलं नसतं. कोठीत दाणा नाही आणि पंगत मोठी, अशी गत. अंगाच्या मानाने मेंदू मोठा, आणि त्याला ग्लुकोज अखंड लागतं. त्यात बाळ गार पडलं तर ऊब धरण्यातच उरलंसुरलं संपतं. नाळ कापली की पहिल्या एक-दोन तासांत साखर सगळ्याच बाळांची थोडी उतरते. धडधाकट बाळ आपलं आपण सावरतं, या बाळांना सावरावं लागतं.

म्हणून टाचेतून रक्त घेऊन पट्टीवर साखर बघायची. टाच आधी उबदार करायची, सुई कडेला टोचायची, मधोमध नाही. स्पिरिट पुरतं वाळू द्यायचं, नाहीतर आकडा चुकतो. ४५च्या खाली आला की आमची धावपळ. पण आकड्याआधी हातांना कळलं पाहिजे. बाळाचा हात थरथरतोय? धरून बघा. धरल्यावर थांबली तर ती थरथर. धरूनही हाताला झटके जाणवत राहिले तर तो आकडीचा झटका, डॉक्टरांना हाक मारायची. मग शिरेतून किलोमागे २ मिली या हिशेबाने दहा टक्के डेक्स्ट्रोज आणि पाठोपाठ ग्लुकोजचं सलाइन. नुसता तो डोस देऊन थांबलात किंवा सलाइन एकदम काढलंत, की साखर पुन्हा कोसळते. साखर फार वेळ खाली राहिली तर मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग दुखावू शकतो. पुढे आकडी येणाऱ्या, नजर न लावणाऱ्या काही मुलांच्या त्रासाचं मूळ इथे सापडतं.

खरी कारागिरी मात्र सुईत नाही, दुधात आहे. १,८०० ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिली धरलं तर १०८ मिली होतात. दर दोन तासांनी ९ मिली. चहाचे दोन चमचेही नीट भरत नाहीत. ते बघून आजीचा चेहरा पडतो. ‘‘एवढ्यानं काय होणार? त्यापेक्षा साखर कमी आहे ना, थोडं गुळाचं पाणी द्या.’’ आजींचा तर्क सरळ आहे, उपाय वाकडा. गूळपाण्याने पोट भरतं आणि जंतुसंसर्गाचं भय वाढतं. दुधात साखरेबरोबर चरबी असते. तिच्या बळावर बाळाचं शरीर स्वतःची साखर तयार करायला लागतं. हे पाण्यात कुठून येणार?

आणि आई म्हणते, दूधच नाही. असतं. अंगठा आणि तर्जनी काळ्या वर्तुळाच्या कडेशी ठेवायची, आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे. ओढायचं नाही, चोळायचं नाही. काही मिनिटं काहीच येत नाही. तिथेच बहुतेक जणी हात सोडतात. मग पिवळसर, दाट चिकाचा एक मणी उभा राहतो. तो वाटीत घेतला तर वाटीलाच चिकटून जातो, म्हणून आम्ही थेट छोट्या सिरिंजमध्ये ओढतो. आईला खरंच येत नसेल तर दात्या आयांचं दूध. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. तरी सगळीकडे ती सोय नाही.

ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना बसतो. त्याआधी नळी, नाहीतर बोंडलं. बाळाला थोडं उठतं धरून बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि दूध ओठाला लागेपर्यंतच कलती करायची. ओतायचं नाही. बाळ जीभ काढून चाटतं, गिळतं, दम खातं. त्या दम खाण्यात घाई केली की ठसका, आणि ओठ निळे. नवीन मुली इथेच चुकतात, कारण पुढचं बाळ रडत असतं.

घरी सोडताना सांगते, दर दोन तासांनी, झोपलं असलं तरी. ‘‘झोपलेल्या बाळाला उठवू नये म्हणतात,’’ आजी कुरकुरतात. उठवायचं, दुपटं सोडायचं, तळपायाला टिचकी मारायची. रात्रीचा गजर बाळाच्या वडिलांच्या मोबाइलवर लावून घेते. बाळंतिणीवरच सगळं कशाला? आठवड्याने तपासणीला येतात तेव्हा वजन दिवसाला वीस-तीस ग्रॅमच्या हिशेबाने वाढलेलं असलं तर मी फार विचारत बसत नाही. नसलं, तर दूध पुरतं का हे नंतर. आधी रात्रीच्या गजराची चौकशी करते.