बोर्डावरचा खडूस

अमेरिकेतल्या शाळांच्या बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकायला लावणारा घड्याळबाबा, फार उशिरा आला. व्यावसायिक सामन्यांत त्याची उठबस १९५४ पासूनची. आघाडी मिळाली की चेंडू दाबून बसायचं, हा त्याआधीचा डावपेच. १९५० मध्ये फोर्ट वेन आणि मिनियापोलिसचा सामना १९-१८ असा संपला होता. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी मग हिशेब मांडला. सामन्याचे २,८८० सेकंद, रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट, म्हणजे एका शॉटला २४ सेकंद. इतक्या साध्या भागाकाराने खेळ बदलला.

शाळकरी मुलांसाठी या शॉट क्लॉकने जरा सबुरी धरली आहे, ३५ सेकंदांची. शालेय खेळांचे नियम लिहिणाऱ्या एनएफएचएस या संस्थेने २०२१ मध्ये ठरवलं, की २०२२-२३ च्या हंगामापासून ज्या राज्याला हवा त्याने तो घ्यावा. सक्ती नाही. त्यामुळे एका राज्यात तो बोर्डाच्या माथ्यावर लाल आकडे मिरवत बसतो आणि शेजारच्या राज्यात त्याचा पत्ता नसतो. जानेवारी २०२३ मध्ये ओक्लाहोमातल्या दोन शाळांचा सामना ४-२ वर संपला, तेव्हा तिथे तो नव्हता.

स्वभावाने खडूस. किती पास झाले, काय व्यूह रचला, याचं त्याला कौतुक नाही. चेंडू रिंगला लागला तर मानेल. नुसता बोर्डाला लागून परतला तर मोजणी चालूच. भोंग्याच्या आधी हातातून सुटलेल्या चेंडूला तेवढी सवलत आहे, पण तोही जाळीत जायला हवा, निदान रिंगला लागायला हवा.

तो नसतो तिथे पंचाचा हातच घड्याळ असतो. बचावपटू सहा फुटांच्या आत चिकटला की हात हलवत पाच मोजायचे. संघ आपल्याच अर्ध्या मैदानात रेंगाळला तर दहा. हे आकडे पंचाच्या अंगात भिनलेले असतात. चुकले तरी चूक त्याची स्वतःची असते.

शॉट क्लॉकची गंमत अशी, की त्याला स्वतःला डोळे नाहीत. टेबलाशी बसलेला माणूस बटण दाबेल तसं त्याने वागायचं. हा माणूस बहुतेकदा त्याच शाळेचा शिक्षक किंवा कुणाचा तरी पालक. चेंडू रिंगला लागला असं समजून त्याने ३५ आणले आणि प्रत्यक्षात लागलेलाच नसला, तर पंचाने खेळ थांबवायचा, सेकंद दुरुस्त करायचे आणि दोन्ही प्रशिक्षकांची बोलणी खायची. प्रेक्षक घड्याळावर ओरडत नाहीत. शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याच्यावर ओरडतात.

तो सगळीकडे सक्तीचा व्हावा म्हणणारे खेळाच्या वेगाबद्दल बोलतात, विरोधक खर्चाबद्दल. दोघांचंही खरं आहे. माझं मत विचाराल तर तो यावाच. चेंडू कुशीत घेऊन उभं राहणं हा काही खेळ नव्हे. पण यंत्राच्या पैशांबरोबर ते बटण दाबणाऱ्याच्या प्रशिक्षणाचे पैसेही मंजूर व्हावेत.

तोवर शहाणा पंच सामन्याआधी टेबलाशी जातो आणि विचारतो, "चेंडू नुसता बोर्डाला लागला, तर काय कराल?" समोरचा उत्तरासाठी यजमान प्रशिक्षकाकडे बघू लागला, तर पंचाने ओळखावं, आज दोन घड्याळांवर नजर ठेवायची आहे.