खर्ड्याहून दोन पत्रं

खर्डा, सकाळ

ती. बाबांना सा. न.

निघताना विचारलंत, "तुमचं ते गेज म्हणजे आमच्या रेल्वेचंच ना?" तेव्हा सांगत बसले असते तर एसटी चुकली असती. आता किल्ल्यात बसून सावकाश लिहितेय. निंबाळकरांचा हा भुईकोट 1743चा. 11 मार्च 1795ला हरलेला निजाम ह्याच तटाआड शिरला, ते तुम्हाला पाठच आहे. मला लढाईपेक्षा सरहद्दीचं नवल वाटलं. इंग्रजी अमलातला इथला जामखेड तालुका निजामाच्या मुलखात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला. इकडे कलदार रुपया, शीव ओलांडली की निजामाचा हाली. आजी सांगते ना, सात हालीला सहा कलदार!

गेज म्हणजे मापच. गणिती हेरमान वाइल 1918 मध्ये म्हणाला, लांबीचं माप ज्या त्या जागेनं आपापलं ठरवावं. मग नाण्यांसारखा जागोजागचा बट्टा, म्हणजे बदलीचा दर, सांगणारं काहीतरी लागतं. वाइलच्या मते त्यातच विद्युतचुंबकीय क्षेत्र दडलेलं. दर नुसता बदलला तर काही घडत नाही. पण चार बाजार फिरून मूळ नाण्यावर आल्यावर थैली हलकी किंवा जड झाली, तर तिथे खरंच क्षेत्र आहे. आइन्स्टाइननं हरकत घेतली: असं असतं तर अणूचा वर्णपट तो कुठून फिरून आला ह्यावर ठरला असता. वाइलनं 1929 मध्ये लांबी सोडून हीच युक्ती क्वांटम तरंगाच्या कलेला (फेजला) लावली. ती टिकली.

खर्डा, रात्र

ती. बाबा,

सकाळचं अर्धंच राहिलं. 1954 मध्ये यांग आणि मिल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी आकड्याच्या जागी फिरवणं आणलं. काडेपेटी घ्या. आधी पुढे कलती करा, मग उजवीकडे वळवा. आता उलट क्रमानं करा. पेटी वेगळीच पडते! एवढ्यानं बट्ट्यालाच बट्टा लागतो. विद्युतचुंबकीय बल वाहणाऱ्या प्रकाशकणाला स्वतःला विद्युतभार नसतो. अणुकेंद्रातले आठ तऱ्हेचे ग्लुऑन मात्र रंगभार, म्हणजे त्यांच्या बलाचा भार, स्वतःच वाहतात आणि एकमेकांत गुंततात. सराफच थैलीत शिरला म्हणा ना.

पुढे सगळी बलं एकाच मापात बसवायची हाव सुटली. त्या हिशेबानं प्रोटॉनही कधीतरी फुटायला हवा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी त्यासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणीत उपकरणं लावून बसली होती. प्रोटॉन अजून कुणालाच फुटलेला सापडलेला नाही. मला जास्त आवडतं ते शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांचं काम. त्यांनी 1986 मध्ये आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण अशा चलांत मांडलं, की ते यांग-मिल्सच्या भावकीतलं दिसू लागलं. हरकत घेणाऱ्याच्याच घरात गेज शिरलं!

आजीच्या पितळी डब्यात चारमिनारचा रुपया होता, तो शोधून ठेवा. परवा येतेच.