मी नसताना चालेल असं

पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात मला लिनक्ससाठी सर्वांत जास्त फोन येतात, आणि ते बहुतेक कोकणातून येतात. वादळ होतं, लाइट दीड-दोन दिवस जाते, इन्व्हर्टर मान टाकतो आणि वर्षभर अखंड चाललेलं मशीन पहिल्यांदाच पूर्ण बंद पडतं. लाइट आल्यावर ते आपलं आपण उठेल की नाही, हे तोवर कुणी पाहिलेलंच नसतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा फोन असाच आला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "सर, पडदा काळा आहे आणि इंग्रजीत आणीबाणी लिहिलंय." फोटो मागवला. बाईंनी अगदी बरोबर वाचलं होतं. मशीन 'इमर्जन्सी मोड'मध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागत बसलं होतं. तो पासवर्ड वाचनालयात कुणालाच ठाऊक नव्हता. ज्या मुलाने मशीन बसवून दिलं, तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला होता आणि त्याचा नंबर बदलला होता.

मी गेलो, पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सने मशीन सुरू केलं आणि आतली डिस्क उघडली. सुरू होताना कोणकोणत्या डिस्क जोडायच्या, याची यादी एफस्टॅब नावाच्या फाइलमध्ये असते. तिच्यात एक ओळ बाहेरच्या यूएसबी डिस्कची होती, आणि ती डिस्क टेबलावर नव्हती. मशीन दीड मिनिट तिची वाट बघायचं आणि मग अडून बसायचं. त्या ओळीत 'नोफेल' एवढा एक शब्द असता, तर डिस्कविनाही ते सुरू झालं असतं. शब्द घातला, मशीन उठलं. बाहेर वर्गणीदार ताटकळले होते, त्यांची पुस्तकं बदलून झाली.

मग डिस्कची चौकशी. शिपाईकाकांनी कपाट उघडून ती काढून दिली. बारकोड स्कॅनर लावायला जागा हवी होती, म्हणून काही महिन्यांपूर्वी त्यांनी ती उपटली होती. पण कशी ठेवली होती! प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, वर 'काँप्युटरची डिस्क' अशी चिठ्ठी. कोकणातल्या दमट हवेत डिस्क सांभाळायची याहून चांगली तऱ्हा मलाही सांगता आली नसती.

ती होती बॅकअपची डिस्क. इकडे रात्री बॅकअप घेणारी स्क्रिप्ट मात्र इमानेइतबारे चालूच होती. लॉगमध्ये रोज 'यशस्वी' अशी नोंद. डिस्क काढली तरी ती जिथे जोडली जाते, ते रिकामं फोल्डर आतल्या डिस्कवर असतंच. स्क्रिप्टमधल्या, प्रती काढणाऱ्या आरसिंकला त्यातला फरक कळत नाही, त्याने सगळ्या प्रती त्या फोल्डरात ओतल्या. म्हणजे मूळ आणि प्रत एकाच डिस्कवर, आणि त्यापायी ती डिस्क काठोकाठ भरत आलेली. नकलायला लागण्याआधी तिथे खरोखर डिस्क जोडली आहे का, एवढं विचारणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये हवी. 'माउंटपॉइंट' नावाची आज्ञा त्यासाठीच असते आणि फारच थोडे लोक ती वापरतात.

अशा गोष्टी खेड्यातच घडतात असं नाही. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच सोयी होत्या आणि एकही धड कामाला आली नाही. बॅकअप फसल्याचे ई-मेल निघत होते, पण ते वाटेतच नाकारले जात होते. शेवटी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर निभावलं. त्यांनी हा सगळा प्रकार जगासमोर उघड मांडला, हे मला मोठेपणाचं वाटतं.

वाचनालयात लिनक्स आलं ते कोहामुळे. कोहा हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोहेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी लिहिलं गेलं. त्यांची जुनी प्रणाली साल २००० झेपणार नाही अशी होती, म्हणून नवी बनवली आणि ३ जानेवारी २०००ला सुरू केली. आता ते जगभर चालतं, आणि आपल्याकडच्या वाचनालयांना परवडतं कारण परवाना फुकट. डेबियनवर कोहा बसवलं की ते रोज रात्री स्वतःचा बॅकअपही घेतं. मात्र तो त्याच मशीनवर ठेवतं, आणि मूळ सेटिंग तसंच राहू दिलं तर दोनच दिवसांचा. गुरुवारी बिघडलेल्या नोंदी सोमवारी लक्षात आल्या, तर तो उपयोगाचा नाही.

बंगळुरूला गेलेल्या मुलाचं काम वाईट नव्हतं. उलट नेटकं होतं, स्क्रिप्टमध्ये टिपाही होत्या. पण सगळा कारभार त्याच्या डोक्यात राहिला आणि डोकं घेऊन तो गेला. उद्या मीही जाईन, निदान फोन उचलणार नाही. म्हणून त्या दिवसापासून मी प्रत्येक बाबतीत एकच पाहतो: मी नसताना हे चालेल का? हा निकष लावला की पुस्तकी उत्तरं बरीच बदलतात.

एन्क्रिप्शनचंच घ्या. पेनड्राइव्ह लावून पासवर्डविना मी ती डिस्क उघडली, तशी कुणीही उघडू शकतो. त्यावर पुस्तकी उत्तर म्हणजे पूर्ण डिस्क लक्सने कुलूपबंद करा. लॅपटॉपसाठी मी तेच सांगतो, तिथे दुसरा विचार नको. पण वाचनालयाचं मुख्य मशीन कुलपाच्या खोलीत आहे, आणि लाइट आली की ते कुणी काही टाइप न करता उठायला हवं. ते मी उघडंच ठेवलं. कुलूप लावलं ते बॅकअपला, कारण ती डिस्क पिशवीतून घरी जाते, एसटीत राहू शकते. वर्गणीदारांचे पत्ते आणि मोबाइल नंबर तिच्यात असतात.

त्यासाठी आरसिंक काढून रेस्टिक बसवलं. ते प्रती घेतानाच कुलूपबंद करतं आणि न बदललेला भाग पुन्हा साठवत नाही, त्यामुळे जागा कमी लागते. रोजच्या सात, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या बारा प्रती राहतील असं ठरवून दिलं. डिस्क दोन घेतल्या. एक मशीनला, दुसरी बाईंच्या घरी, आणि दर शनिवारी अदलाबदल. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर प्रती गेल्याच, कुणाचा बाप त्या उघडू शकत नाही. म्हणून तो पासवर्ड आणि रूटचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला, लाख लावली, आणि पाकीट लोखंडी कपाटात ठेवलं, जिथे संस्थेची घटना आणि जुनी इतिवृत्तं असतात. संगणकवाले मित्र कागद म्हटलं की हसतात. हसू देत.

वाचनकक्षात चार जुने काँप्युटर होते, विंडोज १०वाले. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली, आणि विंडोज ११च्या अटींत ही मशीनं बसत नव्हती. त्यांच्यात एसएसडी घातल्या आणि लिनक्स मिंट २२ची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. डाउनलोड केलेली फाइल अस्सल आहे का हे मी आधी तपासतो, नुसत्या चेकसमच्या बेरजेने नाही, डिजिटल सहीसकट. फेब्रुवारी २०१६मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसून कुणीतरी डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि लोकांनी मागचं दार ठेवलेली आवृत्ती उतरवून घेतली होती. ज्या जागेवरून फाइल घेतली, तिथेच लिहिलेली बेरीज जुळली म्हणजे सगळं आलबेल, असं होत नाही.

बसवणं हा भाग मात्र तासाभराचा, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. छळलं ते प्रिंटरने. जुना लेझर प्रिंटर, कंपनीने लिनक्ससाठी दिलेला ड्रायव्हर ३२ बिटच्या काळातला, तो नव्या आवृत्तीत कसाबसा चालायचा आणि पुढच्या अपडेटला पडायचा. माझ्याच्याने तो दर वेळी उभा झाला असता. पण निकष आठवून मी तो नाद सोडला आणि प्रिंटर बदलायला सांगितला. नवा घेताना एअरप्रिंट चालतं का एवढंच विचारा. चालत असेल, तर लिनक्सवर बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही.

मराठी टायपिंगला बाईंनी मला मागे टाकलं. त्यांचा इनस्क्रिप्टचा हात बसलेला. कळफलक जोडून दिल्यावर त्यांनी पहिला शब्द 'वाऱ्यावर' टाइप करून पाहिला. शिफ्ट धरून 'जे'ला ऱ, 'डी'ला हलन्त, मग 'य'. अक्षर नीट जुळलं तेव्हा म्हणाल्या, "हे येत असेल तर बाकी सगळं येईल."

सुरक्षेबद्दल अध्यक्ष म्हणाले, "लिनक्सला व्हायरस लागत नाही ना?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. फसवी लिंक विंडोजवर उघडली काय नि लिनक्सवर काय, बँकेचा ओटीपी सांगणारा माणूस तोच असतो. करण्यासारखं जे होतं ते केलं. वाचनकक्षात मुलांसाठी साधं खातं, सुडोचा, म्हणजे व्यवस्थापकाचा, अधिकार नाही. फायरवॉल मिंटमध्ये असते पण बंद असते, ती चालू केली. अपडेट आपोआप होतील असं लावलं, आणि त्याआधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट. इथे एक गैरसमज दर वेळी काढावा लागतो: टाइमशिफ्ट सिस्टिम मागे नेतं, तुमची पत्रं आणि फोटो त्यात मुळात धरलेलेच नसतात.

बाहेरून आत यायची वाट ठेवली नाही, मलासुद्धा. एक तरुण मित्र म्हणाला, रिमोट ठेवला असतास तर घरबसल्या सगळं केलं असतंस. खरं आहे. पण ती वाट कायम राखायची, तर तिची राखण कोण करणार? २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या साध्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा घुसवला होता, तो एसएसएचच्याच, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायच्या वाटेच्याच, दिशेने. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, तो खोदत गेला, म्हणून तो सापडला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोचला नव्हता. नवं ते सगळं आजच हवं असणाऱ्यांच्या आवृत्त्यांत मात्र पोचला होता. वाचनालयाला शिळंच बरं.

राहिली ती रंगीत तालीम. बॅकअप परत उतरवून बघायचा, आणि तो मी नाही, बाईंनी. एका सुट्ट्या मशीनवर कोहा बसवून ठेवलं होतं. सगळ्या पायऱ्या मी सांगितल्या, त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोनशे पानी वहीत उतरवल्या. मग मी खुर्ची मागे ओढली आणि हाताची घडी घातली. बोलायचं नाही असं ठरलं होतं, ते अवघड गेलं.

पाकीट फोडलं, पासवर्ड टाकला, प्रतींची यादी आली. पुढच्या पायरीला गाडी अडली. फाइल सापडत नाही, असं मशीन म्हणत होतं. बाईंनी आज्ञा पुन्हा टाइप केली, अक्षर न् अक्षर वहीबरहुकूम. पुन्हा तेच. कोहा प्रतीच्या नावात त्या दिवसाची तारीख घालतं, आणि वहीत उतरली होती ती सांगितलं त्या दिवसाची. दहा मिनिटं त्या यादी आणि वही आलटून पालटून बघत राहिल्या. मग "अगं बाई" म्हणून लाल पेन काढलं, तारखेखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'इथे यादीतली शेवटची तारीख घालणे.' तेवढी एक ओळ माझ्या सगळ्या टिपांपेक्षा कामाची निघाली.

उतरवून झाल्यावर सगळं आलंय हे ठरवायचं कसं? मी आकड्यांची आज्ञा सांगणार होतो. बाईंनी त्याआधीच दाखल नोंदवही काढली होती. आदल्या दिवशी शेवटी दाखल झालेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्या मशीनवर शोधला, सापडला. मग मधलीच चार पानं उघडून तिथले क्रमांक शोधले. मग एका वर्गणीदाराचं नाव टाकून त्याच्याकडे थकलेली दोन पुस्तकं तशीच दिसतात का, तेही बघितलं. दिसली. "हा माणूस यातूनही सुटला नाही," त्या म्हणाल्या.

तालीम आता दर तीन महिन्यांनी होते आणि मला बोलावत नाहीत. मध्यंतरी शिपाईकाकांनी एकदा करून पाहिली, तेव्हा समासात आणखी दोन ओळी वाढल्याचं कळलं. गेल्या वेळी फोन आला तो वेगळ्याच कारणाने. जिल्ह्याबाहेर एक प्रत असावी, म्हणून तिसरी डिस्क घ्यायचं मी सुचवलं होतं. कार्यकारिणीला ते पटलंय, पण हिशेबनिसांनी तीन दुकानांची कोटेशनं मागितली आहेत आणि गावात दुकानं दोनच आहेत. बाई विचारत होत्या, पुण्याहून एक पाठवता का.