बहाराचे पाणी

आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात ‘बहार’ हा शब्द कवितेपेक्षा हिशेबाच्या वहीत अधिक आढळतो. डिसेंबरात संत्र्याच्या झाडांचे पाणी तोडतात, पाने मलूल होईपर्यंत त्यांना ताण देतात. मग पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो. त्या दिवसांत बोरगावच्या शिवारातून सायंकाळी जावे. अंधारात फुले दिसत नाहीत, पण वाट सुगंधाने ओळखता येते.

या सुगंधाचे पाणी बाटलीत मिळते, हे मला नागपूरच्या आत्यामुळे कळले. तिने आणलेल्या कुपीवर संत्र्याच्या फुलांचे सुंदर चित्र होते आणि ‘कांती उजळते’ असे आश्वासन. घटकांची बारीक अक्षरांतील यादी मी दोनदा वाचली. पाणी होते, कृत्रिम सुगंध होता, टिकाऊपणासाठी रसायने होती. फूल मात्र चित्रापुरतेच!

खरे फुलांचे पाणी ऊर्ध्वपातनाने निघते. वाफ फुलांतून जाते, थंड होते, आणि वर तरंगणारे तेल काढून घेतल्यावर खाली जे सुगंधी पाणी उरते तेच हे. 1 किलो तेलासाठी सुमारे 1000 किलो फुले लागतात. पाणी त्या मानाने पुष्कळ मिळते, म्हणून ते स्वस्त. या कामी जगात नावाजलेले फूल आपल्या संत्र्याचे नसून कडू नारिंगाचे आहे. ट्युनिशियातील नाबल गावी वसंतात घरोघर ते काढतात. त्याच्या तेलाला ‘नेरोली’ हे नाव पडले ते 17व्या शतकातील इटलीच्या नेरोला येथील राजकन्येवरून. ती आपले हातमोजे या तेलाने सुगंधित करीत असे म्हणतात.

मग आपल्या नागपुरी संत्र्याच्या फुलांनी काय पाप केले? मी टोपली घेऊन निघाले, तो आजीने ओट्यावरूनच हाक दिली, “झाडावरचं तोडू नको वं! ते फूल नव्हे, संत्रं आहे.” तिचे म्हणणे रास्तच होते. त्या झाडांवर घराचे वर्ष चालते. परंतु फारच थोड्या फुलांची फळे होतात. बाकीची झाड आपणच गाळते. बाबांनी वाट सुचविली, तीही एका अटीवर. सायला आणि कोळशीसाठी जेथे औषध फवारले होते त्या झाडांकडे फिरकावयाचे नाही. विहिरीजवळच्या न फवारलेल्या दोन झाडांखाली आम्ही जुने लुगडे अंथरले.

मोठ्या पातेल्यात मध्यभागी वीट ठेवली, विटेवर वाडगा, भोवती फुले आणि पाणी. झाकण उलटे ठेवून त्यावर थंड पाणी ओतले. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून थेंब-थेंब वाडग्यात पडू लागली. तासाभराने वाडगा जेमतेम अर्धा भरला. वास शिवारातल्या वासाहून पुष्कळ मंद, किंचित हिरवट.

ते चेहऱ्यावर शिंपडले की गार वाटते, मन प्रसन्न होते. एवढेच. त्याने कोणी गोरे होत नाही. आणि गोरे होण्याची ही ओढ कोठे नेते ते मी पाहिले आहे. वर्गातील एका मैत्रिणीने लग्नसमारंभापूर्वी तोंडाला लिंबू चोळले व ती उन्हात गेली. गालावर फोड आले, पुढे काळे डाग कित्येक आठवडे राहिले. लिंबाच्या रसात आणि सालीत काही द्रव्ये असतात, ती उन्हाशी मिळून त्वचा भाजतात. ही जड द्रव्ये वाफेबरोबर सहसा वर येत नाहीत, म्हणून फुलांचे पाणी त्या मानाने सौम्य. तरीही प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस पाहावे. घरचे पाणी थंड जागी ठेवून आठवड्यात संपवावे. त्यात जंतू लवकर वाढतात.

एक लहान बाटली आत्याकडे पाठविली. तिच्यावर मी चिठ्ठी चिकटविली: फुले, पाणी, तारीख. चार दिवसांनी तिचा फोन आला, “वास फारच मंद आहे गं! पण संपलं. आणखी आहे का?”

तोवर विहिरीजवळच्या झाडांवर मुगाएवढी हिरवी फळे धरली होती.